पसारा जिथं पडतो, तिथंच त्याची जागा करा

कोल्हापूरच्या सानेगुरुजी वसाहतीतल्या एका ताईंनी विचारलंय. घरात सहा माणसं. सासू-सासरे, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलणारी, ताई स्वतः बँकेत, मुलगा नववीत आणि फुटबॉलवेडा, मुलगी चौथीत. वर दोन, खाली दोन अशा चार खोल्या. दर रविवारी अर्धा दिवस घालवून घर आवरतात आणि बुधवारपर्यंत पुन्हा जैसे थे. सासूबाई काही टाकू देत नाहीत. मुलगा कितीही सांगितलं तरी दप्तर जिन्यातच टाकतो. आणि शेवटी प्रश्न असा, की कुठले डबे आणि कसली कपाटं घेऊ?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सध्या काहीच घेऊ नका. पुढचे दोन महिने एक डबा, एक रॅकसुद्धा घरात येऊ देऊ नका. मी गेली सतरा वर्षं कोल्हापुरात लोकांची घरं लावून द्यायचं काम करते. त्याआधी मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात अकरा माणसांचा संसार केला. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. आजवर ज्या घरांत गेले, त्यातल्या बहुतेक घरांत पहिल्या दिवशी मला काय सापडतं? रिकामे डबे. पसारा आवरायला म्हणून आणलेले, एकात एक घातलेले, निम्म्यांची झाकणं हरवलेली. काय ठेवायचं आणि कुठं ठेवायचं हे ठरायच्या आधी डबा आला, की तो डबाच पसारा होतो.

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते जिन्यातलं दप्तर. ते रोज तिथंच का पडतं बघा. पोरगं शाळेतून येतं, बूट काढायला खालच्या पायरीवर टेकतं, आणि टेकताना खांद्यावरचं ओझं शेजारी उतरतं. दप्तराची जागा तुम्ही केलीय वरच्या खोलीत, टेबलाखाली. दमून आलेल्या पोरानं अख्खा जिना चढून दप्तर ठेवायचं, परत खाली येऊन हातपाय धुवायचे, खायचं, आणि लगेच मैदानावर पळायचं. तो हे करणार नाही. तुम्ही रागावलात तर चार दिवस करेल आणि पाचव्या दिवशी दप्तर पुन्हा पायरीवर. आपण वस्तूची जागा दिसायला बरी दिसेल अशी ठरवतो. वस्तू मात्र हात जिथं मोकळा होतो तिथं उतरते. या दोन जागा जितक्या लांब, तितका तुमचा रविवार मोठा.

म्हणून पहिला आठवडा आवरूच नका. अवघड जाईल, पण नका. रात्री झोपताना एक वही घ्या आणि घरभर फिरून लिहा: काय पडलंय, कुठं पडलंय, कोणाचं आहे. सात रात्री लिहून झालं की तुमच्या ध्यानात येईल, पसारा घरभर नसतोच. आठ-दहा ठरावीक ठिकाणी असतो, रोज त्याच. टीव्हीवर, फ्रिजवर, दिवाणाच्या कडेला, वॉशिंग मशीनवर. शुक्रवार पेठेतल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर कायम ढीग असायचा. सून वैतागली होती. वही लिहिल्यावर कळलं, की त्या ढिगात रोज न चुकता असणारी एकच गोष्ट म्हणजे आजोबांच्या गोळ्या. जेवणानंतर घ्यायच्या, म्हणून तिथंच राहायच्या. एकदा गोळ्या दिसल्या की पुढं बिलं, किल्ल्या, पाकीट, सगळं त्यांच्या सोबतीला यायचं. गोळ्यांची जागा खरं तर बरोबरच होती. घरात पडून असलेल्या स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात त्या घातल्या, डबा टेबलावरच ठेवला, किल्ल्यांना दाराजवळ खिळे मारले. ढीग परत झाला नाही.

तुमच्या दारातलं मी न बघता सांगू शकते. सहा माणसांची चपला-बुटांची रास, दोन हेल्मेटं, जेवणाचा डबा, आणि मुलाचे मातीनं भरलेले फुटबॉलचे बूट. या बुटांना घरातल्या रॅकमध्ये जागा देऊच नका. दाराबाहेर एक जुनं घमेलं ठेवा, तळाला रद्दी घाला, बूट त्यात. माती वाळली की तिथंच झटकायची आणि कागद बदलायचा. हे काम मुलाचं. बाकी प्रत्येकाचा रोजचा एकच जोड दारात, उरलेले आत. मुलीसाठी खुंटी तिच्या खांद्याच्या उंचीवर मारा, तुमच्या नव्हे. पाहुण्यांना खुंट्या वर-खाली दिसतील, दिसू देत. आणि कोल्हापुरी चप्पल असेल तर ती जूनमध्येच उचलून ठेवायची. पावसाळ्यात त्या कातड्याला बुरशी धरते. कोरड्या फडक्यानं पुसून, हलका तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून ठेवा. दसऱ्याला काढाल तेव्हा पायाला लागणार नाही.

कपड्यांचं दुखणं पावसाळ्यात वाढतं. जुलैमध्ये आपल्याकडं चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि दोऱ्या भरलेल्याच. मी एक साधी गोष्ट सांगते आणि लोक ऐकत नाहीत. जाड टॉवेल जूनमध्ये बांधून ठेवा आणि पंचे काढा. सहा जाड टॉवेल दोन दिवस दोरी अडवतात, पंचा पंख्याखाली एका रात्रीत वाळतो. नुसत्या एवढ्यानं दोरी निम्मी रिकामी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे ती खुर्ची. प्रत्येक घरात एक असते. एकदा घातलेले, धुवायला न टाकण्यासारखे आणि कपाटात ठेवायला नको वाटणारे कपडे जिच्यावर साठतात ती. या कपड्यांना घरात जागाच नसते, म्हणून ते खुर्ची धरतात. दाराच्या मागं प्रत्येकाला दोन खुंट्या द्या. दोनच. दोन्ही भरल्या की एक कपडा धुवायला जातो किंवा कपाटात. तुमच्या मिस्टरांचे फौंड्रीतले कपडे मात्र वेगळे ठेवा. त्याला काळी वाळू आणि तेल असतं. न्हाणीजवळ त्यांची स्वतंत्र बादली हवी, म्हणजे रात्रपाळीवरून पहाटे आले की कपडे थेट त्यात, कोणाला उठवायला नको.

आता स्वयंपाकघर. इथं जरा सविस्तर बोलते, कारण कोल्हापुरातल्या घराचा खरा साठा इथं असतो आणि शहरातल्या लहान घरांचं गणित इथंच बिघडतं. आपली घरं वर्षाच्या हिशोबानं भरायची सवय असलेली. उन्हाळ्यात चटणी, पापड, कुरडया, सांडगे, शेवया. सुगीत शाळू, गहू. गुऱ्हाळं लागली की गूळ. हे वाड्यातल्या माजघरात बसत होतं. चार खोल्यांत बसत नाही, मग धान्याचं पोतं दिवाणाखाली आणि पापडाचा डबा कपड्यांच्या तिजोरीवर जातो.

हिशोब मांडा. सहा माणसांना चपाती-भाकरी मिळून माझ्या अनुभवात दिवसाला किलोभर पीठ लागतं. महिन्याला तीस किलो, वर्षाला साडेतीन क्विंटलच्या पुढं. एवढ्यासाठी पन्नास किलोच्या सात-आठ कोठ्या हव्यात. तुमच्याकडं जागा दोन कोठ्यांची. मग तीन महिन्यांचंच धान्य भरा, नव्वद किलो. लक्ष्मीपुरीचा धान्यबाजार रिक्षानं फार लांब नाही, चार वेळा जाणं परवडतं. वर्षाचं एकदम घेतलं तर भाव थोडा बरा पडतो हे खरं. पण पावसाळ्यात दमट हवेनं धान्यात टोके, म्हणजे किडे, झाले आणि तीस किलो गहू निवडत, उन्हाची वाट बघत बसलात, की ती बचत तिथंच गेली. पुन्हा घरात चालायला जागा राहिली नाही ते वेगळंच. गुळाचेही मोठे रवे नकोत. पावसात गूळ पाघळतो आणि खालची फळी चिकट होऊन मुंग्या धरते. किलोचे आणा, संपले की पुढचे.

चटणी मात्र वर्षाचीच करा. ते सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, त्यात धने, जिरे, तीळ, खोबरं, तळलेला कांदा, लसूण, आणि ते सगळं डंकावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कुटून आणलं की गल्लीभर वास. आपल्या जेवणाचा जीव तो. सहा माणसांना आठ किलो पुरते. पण मोठी बरणी रोजच्या हाताखाली नको. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा, तोंडाला दादरा म्हणजे फडकं बांधा आणि ती खालच्या फडताळात कोपऱ्यात सरकवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोरड्या डावानं लहान बरणीत काढा. मोठी बरणी वर्षातून बाराच वेळा उघडायची. चटणीला ओला हात लागत नाही आणि ओट्यावरची एक मोठी जागा मोकळी होते.

ओट्यावर काय ठेवायचं? दिवसातून एकदा तरी हाताला लागतं तेवढंच. मिक्सर रोज लागतो, तो राहू दे. बाकीची यंत्रं फडताळात. याच्यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

आता सासूबाई. ताई, हा भाग नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नात राग दिसला आणि तो कुठून आलाय हे मला कळतं. मीही सून होते. आमच्या सासूबाईंच्या माळ्यावर जर्मनची पातेली होती, तांब्याचा बंब, दोन हंडे, पितळी डबे आणि आहेरात आलेली भांडी, प्रत्येकावर नाव आणि तारीख कोरलेली. एका दुपारी त्या देवळात गेल्यावर मी तीन पातेली बोहारणीला दिली आणि नवा स्टीलचा डबा घेतला. त्यांनी ओरडा केला नाही. संध्याकाळी माळ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "मी अजून हाय की गं." त्यातलं एक पातेलं त्यांच्या आईनं पहिल्या बाळंतपणाला पाठवलेलं होतं. ते परत मिळालं नाही. हे मी पुढं प्रत्येक सुनेला सांगत आले. त्यांच्या वस्तूला त्यांच्यामागं हात लावू नका. एकदाही नाही. पसारा परवडला.

त्याऐवजी त्यांना बरोबर घेऊन बसा. माळ्यावरची भांडी एका दुपारी खाली उतरवा, सगळी, आणि "आई, हे कुणी दिलं?" एवढंच विचारा. टाकायचा विषय काढू नका. त्या एकेक सांगत जातील आणि सांगता सांगता आपोआप तीन ढीग पडतील. काही भांडी त्यांना जवळ हवी असतात. काहींबद्दल त्या म्हणतील, "हे थोरलीला द्यायचं राहिलंय." आणि काही अशी निघतात, की कुणी दिली हे त्यांनाही आठवत नाही. लेकींची भांडी त्याच आठवड्यात लेकींकडं पोचवा, मीठ-चिंच लावून घासून, लखलखीत करून. जवळची भांडी माळ्यावर परत नकोत, रोजच्या वापरात आणा. हंडा प्यायच्या पाण्याला लावा. बंब कितीही जीव असला तरी अडचणच करतो, तो त्यांनी स्वतः सांगितलं तरच द्या. अशा दुपारी मी बऱ्याच घरांत बसलेय. माळा अर्धा रिकामा होतो आणि कुणी कुणावर रुसत नाही.

बोहारणीचं मात्र लक्षात ठेवा. जुने कपडे देऊन भांडं घेतलं की एक जाऊन दुसरं येतं. कपडे चांगले असतील तर दिवाळीच्या सुमाराला सीपीआर चौकातल्या माणुसकीच्या भिंतीला द्या, तिथून ते गरजूंना मिळतात. मऊ सुती साड्या ठेवा, वाकळेला उपयोगी पडतात. पण दोन वाकळांपुरत्याच, आणि शिवणारी बाई आधी ठरवून.

आपल्याकडं पसाऱ्याचा एक प्रकार असा आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. मानपानाचा. लग्न, वास्तुशांत, बारसं, कुठंही गेलं की टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, नारळ. तिजोरीचा एक खण त्यातच जातो. यासाठी एकच कापडी पिशवी करा आणि तिला 'देण्याघेण्याचं' म्हणा. आलेलं सगळं घडीसकट त्यात. कुणाकडं जायचं असलं की आधी ती पिशवी उघडायची, मग बाजारात. ब्लाउजपीसला बारीक चिठ्ठी लावा, कुणाकडून आलं त्याची, नाहीतर ज्यांचं त्यांनाच जाईल आणि मनाला लागेल. पिशवी भरली की नवीन पिशवी नको, वाटून टाका.

कागदपत्रांचं सांगताना मला २०१९ आठवतं. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी उतरल्यावर शाहूपुरीतल्या एका घरात मदतीला गेले होते. सगळे कागद बेडच्या पोटात होते. जमिनीपासून वीतभर वर. प्लायवूड फुगून झाकण अडकलं होतं, ते पहारीनं फोडलं. आत घराचं खरेदीखत, पोरांची सर्टिफिकेटं, लग्नाचा अल्बम, सगळ्याचा एकच गोळा झालेला. मी आणि त्या घरातली मुलगी, एक-एक पान ओल्या फडक्यावर सोडवत बसलो दिवसभर. दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव तेवढं वाचता आलं. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्या घरातली कागदांची पिशवी आदल्या दिवशीच मामाकडं पोचली होती.

तुमच्या वसाहतीत पुराचं पाणी येत नाही. तरी कागद एकाच चेनच्या पिशवीत, प्लास्टिकच्या पाकिटांत घालून, तिजोरीच्या वरच्या खणात ठेवा. खरेदीखत, सातबारा, विमा, सर्टिफिकेटं, बँकेचे कागद. आधार, लायसन यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये असू देत. घरफाळा आणि पाणीपट्टीच्या पावत्या वेगळ्या फाइलमध्ये. लाइट बिल भरलं आणि पुढचं आलं की आधीचं रद्दीत, एवढं सोपं करा. टीव्हीचं, फ्रिजचं वॉरंटी कार्ड त्या-त्या वस्तूच्या मागंच पाकिटात चिकटवा. वस्तू गेली की कागद गेला. आणि नदीकडची पाहुणेमंडळी असतील, तर जूनपासून गणपतीपर्यंत घरातला एक खण आणि एक कोपरा रिकामा ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की सखल भागातली माणसं बांधाबांध सुरू करतात, ४३ फूट ही धोक्याची. त्यांनी बोचकी घेऊन यायचं आणि आपल्याकडं ठेवायला जागा नाही, असं होऊ नये. माझ्या मते घर आवरण्याचं यापेक्षा मोठं कारण नाही.

माळ्यावर सणाचंच सामान ठेवा. गौरीचं, गणपतीच्या आराशीचं, दिवाळीचा आकाशकंदील. प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरात बाजूनं लिहा, वरून नव्हे, कारण माळ्याकडं आपण खालून बघतो. नवरात्रात घट बसायच्या आधी आपल्याकडं अख्खं घर धुऊन निघतं, अंथरुणं-पांघरुणं पंचगंगा घाटावर जातात. त्याच दिवसांत माळाही बघून घ्यायचा. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत जे खोकं खाली उतरलंच नाही, ते उघडून सगळ्यांसमोर ठेवा आणि घरातल्यांना ठरवू द्या.

राहिली रोजची आवराआवर. ती तुम्ही एकट्यानं करायची नाही. आवरणारे हात दोन आणि पसरणारे बारा, हे कुठल्याच घराला जमत नाही. रात्री जेवणं झाली की पंधरा मिनिटं, सगळ्यांनी, टीव्ही बंद करून. नऊ वर्षांची मुलगी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते, वाकड्या घातल्या तरी पुन्हा उलगडू नका, नाहीतर ती उद्या घालणार नाही. मुलगा दार आणि जिना. सासरे बसल्या जागी रद्दी, पावत्या बघतील. सासूबाई उद्याची भाजी निवडतात तेच त्यांचं काम. मिस्टरांची पाळी कुठलीही असो, त्यांचा डबा त्यांनी स्वतः धुवायचा आणि न्हाणीजवळची बादली त्यांची. ओला-सुका कचरा रात्रीच वेगळा करून दारात ठेवला, की सकाळी टिपर आल्यावर धावपळ नको. हे पहिल्या आठवड्यात कुरकुरत होईल. तुम्ही मात्र त्या पंधरा मिनिटांनंतर खाली बसा. उरलेलं उठून एकट्यानं करत बसू नका, म्हणजे उरलेलं त्यांनाही दिसतं.

पहिला आठवडा वही. दुसऱ्या रविवारी फक्त दार आणि जिना. कपडे पंधरा दिवसांनी घ्या, स्वयंपाकघर त्यानंतर, भांडी सासूबाईंच्या सवडीनं. डबे लागले तर दोन महिन्यांनी जागेचं माप घेऊन जा आणि तेवढेच आणा. आणि जिन्यात दप्तरासाठी खुंटी मारायच्या आधी मुलाला दप्तर पाठीवर घेऊन खालच्या पायरीवर बसायला सांगा. बूट काढू दे. दप्तर उतरवताना त्याचा हात भिंतीला जिथं लागेल, तिथं पेन्सिलीनं खूण करा.